एक चढाई मागे

"ताजा हाय का शिला, त्या आदी बग," असं म्हणत ती पापलेटाचा कल्ला अंगठ्याने उचलायची आणि आतला लाल रंग गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची. गिऱ्हाईक मागे सरकायचं. मग ती कल्ला मिटायची आणि भाव सांगायची. त्यानंतर घासाघीस करायची कोणाची छाती नव्हती.

मानपाडा रस्त्याने सकाळी कधी गेला असाल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. औषधाच्या दुकानाच्या पायरीशी, निळ्या प्लास्टिकवर, समोर पाटी, हिरवं लुगडं, कानात वरपर्यंत सोनं. इकडच्या सगळ्या मासेवाल्या अशाच दिसतात म्हणणारे लोक आहेत. त्यांनी मासे घेतले, वर पाहिलं नाही.

मी आमच्या समितीची पत्रकं वाटते. रिकामपणाचा उद्योग म्हणून नाही, काम म्हणून. नाल्यातल्या केमिकलच्या पाण्यावरचं आमचं पत्रक मी पहिल्यांदा तिला द्यायला गेलेले, तेव्हा तिने ओला हात लुगड्याला पुसला आणि म्हणाली, "वाचून दाव." मी वाचलं. जोशात वाचलं. दोन रिक्षावाले थांबले.

"कवा लिवलास गो यो?"

"गेल्या आठवड्यात, मावशी."

"त्याच्यानंतर नाल्यानं दोनदा रंग बदाललाय. तवा हिरवा होता, आज तांबरा हाय. शिला हाय तुजा कागद."

मी तिथून निघाले ती थेट नाल्यावर गेले. पाणी तांबडं होतं. त्या दिवसापासून मी कुठलंही पत्रक छापायच्या आदल्या दिवशी जागेवर जाऊन येते. समितीतल्या कोणी मला हे शिकवलं नव्हतं.

ती राहायला आमच्याच बिल्डिंगमध्ये होती, पहिल्या मजल्यावर. बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी तिच्या सासऱ्याचं भातशेत होतं आणि त्याबदल्यात मिळालेल्या दोन खोल्यांत ती आणि तिची नात राहत होत्या. दुपारी पाटी रिकामी करून यायची, आंघोळ करायची आणि टीव्ही लावायची. पण तिथेही तिची तीच तऱ्हा. कोपऱ्यात 'लाइव्ह' असं दिसलं तर बसायची, नाही दिसलं तर बंद. देवळातली आरती, विधानसभेतली भांडणं, कुठे तरी आलेला पूर, कुठल्या तरी गावची बैलगाड्यांची शर्यत, काहीही चालायचं. मालिका चालायच्या नाहीत.

"त्या बाया कवाच रडून घरा गेल्या," ती म्हणायची. "मी आता कनाला रडू?"

तिची नात हर्षाली, म्हणजे हर्षू, कबड्डी खेळायची. हर्षूला तिनेच वाढवलेलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, म्हणून मीही बोलत नाही. आमच्याकडच्या जुन्या गावांत प्रत्येक गावाचा संघ असतो, त्याला गावदेवीचं नाव असतं, आणि हर्षू अशाच एका मैदानातून वर आलेली. चढाईला वाऱ्यासारखी जायची, पण तिच्यात एक खोट होती. परत फिरताना डावा पाय मागे विसरायची. समोरच्या संघाला हे कळलं की ते बरोबर तोच घोटा धरायचे.

म्हणून मावशी मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात उभी राहायची आणि एकच शब्द ओरडायची. "हर्षू, डावा!" तो आवाज रस्त्यावरच्या गोंगाटात भाव ओरडून तयार झालेला होता. हर्षू मला म्हणालेली, "ताई, आजीचा आवाज आला ना, की पाय आपोआप उचलला जातो."

हर्षू राज्याच्या संघात गेली, सामने टीव्हीवर दिसायला लागले, तरी मावशी ओरडायचीच. टीव्हीच्या डाव्या बाजूला उभी राहून.

"मावशी, ती तिकडे दुसऱ्या राज्यात आहे," मी एकदा म्हटलं.

"म्हायीत हाय."

"मग आवाज कसा जाईल?"

"तिचा तोंड हितवर येतो ना? कसा येतो?"

"सॅटेलाइटने."

"मंग त्याच वाटंनं माजा आवाज जाल. वाट काय येकाच बाजूची असते?"

मात्र तिची स्वतःचीच एक अट होती. खेळ चालू असतानाच ओरडलं पाहिजे. होऊन गेलेल्या सामन्याला ओरडणं म्हणजे वरातीमागून घोडं. मी अंधश्रद्धेवरही पत्रक काढलेलं आहे. तिच्यासमोर ते पिशवीतून बाहेर काढायची हिंमत झाली नाही.

आता केबलबद्दल. आमच्या गल्लीत केबलवाला एकच. दुसऱ्या कोणाची वायर गल्लीत आली की दुसऱ्या दिवशी तुटलेली असायची. गच्चीवर डिश लावावी तर गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी केबलवाल्याचा साडू. इंटरनेटची वायरही त्याचीच. कधीही बंद पडायचं, फोन केला की उत्तर ठरलेलं, "लाइन फॉल्ट आहे." लोक हे वर्षानुवर्षं सहन करत होते आणि वर त्याला भाऊ म्हणत होते. मी पत्रक काढलं. मथळा होता, 'ही गल्ली कोणाच्या बापाची?' खाली सह्यांसाठी जागा.

पत्रक सगळ्यांना आवडलं. सही करायला एकही जण तयार नव्हता. कोणाला मिस्टरांना विचारायचं होतं, कोणाचा चष्मा सापडत नव्हता. पहिली सही मावशीने केली, पाटीशी बसल्या बसल्या, पूर्ण नाव, सासरच्या गावासकट. सहीवर माशाचा एक खवला चिकटला होता. तो मी काढला नाही. तिची सही बघून मग बाकीच्या बायकांनी केल्या.

चार दिवसांनी वायर बंद पडली. पूर्ण बिल्डिंगमध्ये फक्त मावशीची. राष्ट्रीय स्पर्धा आठवड्यावर आलेली.

केबलवाल्याचं ऑफिस समोरच्या इमारतीत, तळमजल्यावर. भिंतभर टीव्ही, खाली तो आणि त्याची दोन माणसं चहा पीत बसलेली.

"लाइन फॉल्ट आहे, मॅडम."

"एकाच घरात?"

"फॉल्ट काय सोसायटीचा ठराव आहे, सगळीकडे एकदम यायला?" दोन्ही माणसं हसली. "मावशींना सांगा, कागदावरचं नाव काढून घ्या. मी स्वतः येऊन वायर जोडतो. आमच्या घरच्याच आहेत त्या."

मी तसंच जाऊन सांगितलं. खरं लिहायचं तर मी तिला नाव काढून घ्या असंही सांगितलं. म्हटलं, चळवळ माझी आहे, नात तुमची आहे.

ती सुरमई कापत होती. कोयती थांबली नाही.

"इकलेला मावरा मी परत घेत नाय. सही पन नाय घेयाची." मग तुकडे धुतले, गिऱ्हाइकाला दिले, गिऱ्हाईक गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन मना हर्षूला बगाचंय गो. ताजी."

दुसऱ्याच्या घरी जाऊन बघायला ती तयार नव्हती, उभं राहायचं ते आपल्याच टीव्हीच्या डाव्या बाजूला. माझ्या दादाच्या लग्नात आहेरात कोणी तरी टीव्हीला लावायची स्टिक दिलेली. खोकं तसंच माळ्यावर पडलेलं. ती घेऊन मी मावशीकडे गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना, निवृत्त शिक्षिका आहेत त्या, मदतीला बोलावलं. टीव्ही भिंतीपासून सरकवला, मागच्या खाचेत ती बोटभर स्टिक बसवली.

"यो?" मावशी म्हणाली. "मांदेलीयेवरा?"

"याच्यातून सगळं येतं. केबल नको, डिश नको. फक्त इंटरनेट."

इंटरनेट म्हणजे माझा फोन. रोजचा डेटा ठरलेला, आणि सामना पूर्ण होण्याआधीच तो संपणार हे उघड होतं. मग ज्या बायकांनी सह्या केल्या होत्या त्यांचे फोन मागितले. पाच मिळाले. पाचही फोनवरच्या हॉटस्पॉटला एकच नाव दिलं, पासवर्ड एकच. एक फोन दमला की त्याचं हॉटस्पॉट बंद करायचं, दुसऱ्याचं चालू करायचं. स्टिक आपली आपण दुसऱ्याला जाऊन चिकटायची, तिला फरक कळायचाच नाही. नाव काय ठेवायचं यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी 'गावदेवी' ठेवलं. मी त्याच संध्याकाळी नवं पत्रक छापून घेतलं, 'केबलशिवाय थेट प्रक्षेपण, करून दाखवले', आणि गल्लीत वाटूनही टाकलं.

सात वाजता मावशीने बातम्या लावल्या. समोरच्या इमारतीतून बातम्यांची धून ऐकू आली. आमच्याकडे अजून साबणाची जाहिरात चालू होती. मग जाहिरात संपली आणि आमच्याकडे धून वाजली.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. शिळा मासा ताजा म्हणून विकणाऱ्या बाईकडे ती असं बघत असणार.

आठच्या बातम्यांना तिने मला गॅलरीत उभं केलं. समोर धून वाजली की हात वर करायचा. मी हात वर केला, तशी तिने छाती भरून श्वास घेतला आणि म्हणायला सुरुवात केली, "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी", एका दमात, डोळे टीव्हीवर. लग्नाआधी तीही खेळायची हे मला त्या दिवशी कळलं. तिचा दम तुटायला आला आणि आमच्याकडची धून वाजली.

"येक चढाई," ती धापा टाकत म्हणाली. "तुजा टीवी येक चढाई शिला हाय."

चढाईला नियमाने तीस सेकंद असतात. तिचं माप चुकलेलं नव्हतं. मी समजावायला गेले, की इंटरनेटवरून चित्र तुकड्या-तुकड्याने येतं, आधी साठवावं लागतं, थोडा उशीर सगळीकडेच होतो.

"मंग कागदावर 'थेट' कनाला लिवलास?"

काकूंनी छताकडे पाहिलं. मी उरलेली पत्रकं काढली आणि प्रत्येकावर पेनाने लिहिलं, 'अर्धा मिनिट उशिरा'. वाटून झालेली मात्र तशीच गल्लीत फिरत राहिली. खोटं बोलण्याबद्दल मी आजवर पुष्कळ लोकांना जाब विचारले आहेत. तेव्हा कोणी मला हे पत्रक दाखवलं नाही, हे नशीब.

मला वाटलं ती आता सामना बघणारच नाही. दुसऱ्या दिवशी मी पाटीजवळून जात असताना तिने हाक मारली.

"मी येक चढाई आदी वरडीन."

"पण पुढच्या चढाईत काय होणार, ते तुम्हाला कसं कळणार?"

"मना हर्षू म्हायीत हाय," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

उपांत्य सामन्याला तिने खरोखर तेच केलं. पडद्यावर समोरच्या संघाची मुलगी चढाई करत असायची आणि मावशी हर्षूच्या नावाने ओरडायची.

"अहो मावशी," काकू म्हणाल्या, "हर्षू बाद होऊन बाहेर बसली आहे."

"आता उठंल."

आणि पुढच्याच मिनिटाला ती उठली. काकूंनी त्यानंतर शंका काढल्या नाहीत.

पण त्या दिवशी आमचा घात समोरच्या इमारतीने केला. आमच्या बिल्डिंगमधले बघणारे सगळे मावशीच्याच खोलीत होते, तिथे मात्र घरोघरी केबल. प्रत्येक गुणाला शिट्ट्या आधी तिथून यायच्या, आणि मग आम्हाला दिसायचं की शिट्टी कशाची होती. आमचा संघ जिंकला, हर्षूनेच जिंकून दिला, आणि आमच्या खोलीत त्या क्षणाला कोणी दचकलंसुद्धा नाही. सगळ्यांना आधीच माहीत होतं. मावशी टीव्हीसमोरून उठली, गॅलरीत गेली आणि कठड्यावर हात आपटला.

"आदी तुमी खाता आन काटं आमाला ठेवता?" समोर लोक गॅलऱ्यांत आलेलेच होते. "माजी नात हाय ती. तिला जिकताना मना बगू द्या ना आदी."

कोणी तरी हसलं. कोणी तरी "सॉरी, मावशी" म्हणालं. खाली ऑफिसच्या दारातून केबलवाला म्हणाला, "मग केबल घ्या ना, मावशी." ती आत आली. फायनल दुसऱ्या दिवशी होती.

मावशी आता इथे राहत नाही. हर्षूला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, ती आजीला घेऊन गेली. औषधाच्या दुकानाच्या पायरीशी आता मोबाइलची कव्हरं विकायला असतात. गल्लीतली बरीच घरं स्टिकवर गेली, दुसऱ्या कंपनीची इंटरनेटची वायर आली आणि तुटली नाही. मावशीच्या गॅलरीत लोंबणारी केबलवाल्याची मेलेली वायर तिने जाईपर्यंत बोंबील वाळत घालायला वापरली, आणि केबलवाल्याला ते रोज खालून बघावं लागलं. हे सगळं आमच्या पत्रकांत येऊन गेलेलं आहे. फायनलच्या दिवसाचं मात्र मी कुठे लिहिलेलं नाही. पत्रकात ते बसलं नसतं.

त्या संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाचही फोन खिडकीत रांगेने. मावशी बसली नाहीच, पदर खोचून टीव्हीच्या डाव्या बाजूला उभी. पूर्वार्धात आमचा संघ मागे पडला. ती ओरडत होती, एक चढाई आधी, प्रत्येक वेळी. मी मनात तीस मोजून पडद्यावर हर्षूचा डावा पाय बघायचे. कधी जुळायचं, कधी नाही. जुळलेलं तेवढंच लोक लक्षात ठेवतात, हे मीच लिहिलेलं वाक्य आहे. मध्यंतरानंतर मी मोजायचं सोडून दिलं.

समोरच्या इमारतीचा आवाज विचित्र येत होता. सुरुवातीला एखादी शिट्टी निघायची आणि अर्ध्यातच तुटायची. नंतर तीही नाही.

"समोर बंद केला वाटतं सामना," काकू म्हणाल्या. "हरतोय म्हणून."

हरत नव्हतो. उत्तरार्धात हर्षूने तीन चढायांत संघ वर आणला. गुण बरोबरीत आले. समोरच्या संघाची शेवटची चढाई रिकामी गेली, ती चालू असतानाच मावशी सगळ्या ताकदीने ओरडली, "हर्षू, डावा!", आणि गप्प झाली. आता फक्त एक चढाई उरली होती. हर्षूची.

"माजा काम झाला," ती म्हणाली. "आता तिचा."

पडद्यावर हर्षू रेषेला हात लावून कपाळाला लावत होती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिकडे सगळं होऊन गेलेलं आहे. समोरच्या इमारतीला कळलेलं आहे. मी कान दिला. काहीच नाही. कुकरची शिट्टीसुद्धा नाही. जिंकलो असतो तर गल्ली फुटली असती.

"गेली," काकू इतक्या हळू म्हणाल्या, की शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल. पण तेच सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी मावशीकडे पाहिलं. तिचे कान आमच्यापेक्षा तिखट, ती शांतता तिलाही ऐकू आलेली होती. तिने टीव्हीच्या टेबलाची कड धरली. नजर काढली नाही.

हर्षू आत गेली. उजव्या कोपऱ्यातल्या मुलीला हात लावला, वळली. डावीकडून दोघी तिच्या घोट्यावर पडल्या. घोटा तिथे नव्हता. तिसरीने कंबर धरली, हर्षू पडली, सरपटली, सगळं अंग त्यांच्याकडे आणि एक हात पुढे. बोटं मध्यरेषेवर. पंचाने आमच्या बाजूला हात केला.

आमच्या खोलीत क्षणभर कोणी हललंच नाही. हरण्याची तयारी करून बसलेलो आम्ही, जिंकल्यावर काय करतात ते आठवेना. मग काकू ओरडल्या. शाळेत चाळीस वर्षं मुलांना गप्प बसवलेली बाई, ती पहिली ओरडली, आणि मग खोलीचा ताबाच सुटला.

मावशी गॅलरीत गेली. मी तिच्यामागे.

समोरच्या तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या. सगळे उभे, सगळे आमच्या खिडकीकडे तोंड करून, आणि कोणाच्या तोंडून आवाज नाही. आयांनी पोरांच्या तोंडांवर हात दाबलेले. एका म्हाताऱ्याने टॉवेल दातांत धरलेला. एका बाईच्या हातात थाळी आणि उलथनं, दोन्ही हवेत, एकमेकांपासून वीतभर लांब. अर्धा मिनिट ते असेच उभे होते. खाली ऑफिसच्या दारात केबलवाला, टीव्हीचा आवाज बंद, आणि आपल्या दोन्ही माणसांच्या कॉलरी त्याने मागून धरलेल्या. त्याच्याबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण तो उभा होता आणि गप्प होता, हे लिहायलाच हवं.

मावशीने खालपासून वरपर्यंत एकेक मजला पाहिला. सावकाश, एकही माणूस न गाळता.

"बगला मी," ती म्हणाली. "आता वरडा."